तारेवरचा थेंब

आमच्या भाऊजींना कोणी विचारले, "तुम्ही काय करता?" तर ते जे करत तेच सांगत, आणि माझ्या मते त्यामुळेच त्यांचे लग्न झाले नाही. एकदा मुलीकडची माणसे घरी आली होती. बशीत बिस्किटे मांडलेली, सगळे हसतमुख. मुलीच्या मामांनी सहज चौकशी केली आणि भाऊजी म्हणाले, "तेलाचा थेंब तापवला की कधी फुटतो, त्याचं गणित करतो."

मामांनी चहाचा घोट कसाबसा गिळला. "आणि फुटल्यावर?"

"फुटल्यावर माझं काम संपतं."

मंडळी बिस्किटांना हात न लावता उठली. आमचे हे त्यांना कोपऱ्यापर्यंत पोहोचवून आले आणि कपाळाला हात लावून बसले. "अरे, निदान संगणकात आहे म्हणायचं. थेंबावर कोण मुलगी देतं?"

"पण दादा, थेंबावरच आहे ना मी."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी कॉलेजात शिकत होते आणि हे, म्हणजे माझे यजमान, कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. सासरे लवकर गेले होते. दोघा भावांत एकालाच शिकणे परवडणारे होते, तेव्हा थोरल्याने शाळा सोडली आणि धाकट्याने धरली. त्यावर घरात कधी कोणी बोलले नाही. ह्यांना विचारलेच तर म्हणत, "मला अभ्यासाचा कंटाळा होता. ह्याच्या निमित्तानं सुटलो."

खाली आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वर, जिन्याच्या तोंडाशी, भाऊजींची खोली. तिच्यात एक खाट, दोन संगणक आणि एक पंखा, आणि पंखा संगणकांकडे तोंड केलेला. मी म्हणे, "भाऊजी, जरा स्वतःकडे फिरवा की तो." तर म्हणत, "वहिनी, मी तापलो तर नुसता घाम येतो. हे तापले तर आठवड्याचं गणित जातं."

ते गणित काय असते, ते मला एका दुपारी कळले. मी बटाट्याच्या फोडी तळत होते. घाईत त्या नीट पुसल्या नव्हत्या, तेल तडतडले आणि एक थेंब मनगटावर उडाला. मी हात नळाखाली धरून उभी, आणि भाऊजी महाशय कढईवर वाकून बघताहेत.

"वहिनी, हेच. हेच माझं काम."

"माझा हात भाजणं?"

"तेलात पाण्याचा कण अडकला. तेल तापतच जातं, पाण्याला ते सोसत नाही. त्याची वाफ होते, वाफेला जागा हवी असते, आणि ती भोवतीच्या तेलाच्या चिंधड्या उडवते. तुमच्याकडे हे चुकून झालं. भट्टीत हेच मुद्दाम घडवायचं."

मग त्यांनी मला बसवून समजावले. शिकवायला बसले की त्यांना वेळेचे भान राहत नसे, आणि माझे तेल तिकडे जळत होते. बॉयलरच्या भट्टीत जाळतात ते तेल घट्ट, डांबराच्या भावकीतले. ते फवारले तरी थेंब जाडेच राहतात. वरून जळतात, आतला गाभा तसाच राहतो आणि त्याची काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडते. पण त्याच तेलात थोडे पाणी इतके घुसळले की ते डोळ्यांना दिसेनासे व्हावे, तर प्रत्येक थेंबाच्या पोटात पाण्याचे कण बसतात. भट्टीत शिरल्यावर ते फुटतात, एका जाड थेंबाचे शेकडो बारीक होतात, आणि बारीक थेंब पुरता जळतो. काजळी नाही, धूर नाही. सगळा प्रश्न एवढाच की थेंब फुटायचा कधी. वेळेत फुटला तर उत्तम. उशीर झाला तर तो तसाच्या तसा मागच्या भिंतीवर जाऊन आदळणार, तिथे चिकटणार आणि त्याचा कोळसा होणार. पापणी लवायच्या आत होणाऱ्या या गोष्टीची वेळ आधी सांगायची, हे भाऊजींचे काम.

"आगीत पाणी नांदवायचं म्हणजे देवाचंच काम," मी म्हटले.

"हो. फक्त त्याला गणित करावं लागत नसेल."

मी देवाची माणूस. अशा बोलण्यावर एरवी मी दोन शब्द सुनावले असते. पण ते चेष्टेने बोलले नव्हते. हेव्याने बोलले होते.

ह्यांचा खोकला त्याच सुमाराला सुरू झाला. म्हणजे खोकला आधीपासून होता, पण तो घरातल्या घड्याळासारखा झाला होता, कोणी ऐकत नव्हते. उशीचा अभ्रा धुवायला काढला की डोके टेकायच्या जागी करडा गोल दिसे. कितीही घासला तरी तो जात नसे. मग जिन्याच्या चार पायऱ्या चढले तरी ह्यांना कठड्याला धरून उभे राहावे लागू लागले, आणि भाऊजींनी आणि मी मिळून त्यांना डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. "जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळा. धुरापासून लांब राहा."

"धुरातच उभं राहायचं काम आहे, डॉक्टर."

"दुसरं काम बघा."

हे हसले. "बॉयलरचा नुसता आवाज ऐकून मला त्याच्या पोटात काय चाललंय ते कळतं. दुसरीकडे मी कोण? एक खोकणारा माणूस."

डॉक्टरांना पुढचा रुग्ण बघायचा होता. ते म्हणाले, "मग धूर तरी कमी करा."

त्यांनी ते विषय मिटवायला म्हटले होते. भाऊजींनी ते उचलले. घरी आल्यावर दारातच चपला काढता काढता ते म्हणाले, "दादा, तुझ्या भट्टीची लांबी किती आहे?"

तोवर त्यांचा थेंब कुठलाच नव्हता. शोधनिबंधातला थेंब, कोणाच्याही भट्टीतला. त्या दिवसापासून त्याला पत्ता मिळाला. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः भट्टीत शिरून टेपने माप घेतले, बर्नरचे तोंड मोजले, पंप किती जोर देतो ते लिहून आणले. वरच्या खोलीतला दिवा आता उशिरापर्यंत दिसू लागला. जेवायला हाक मारली की "आलोच" ऐकू यायचे, आणि ताट झाकून मी आपली प्रार्थनेला बसायची. माझी प्रार्थना तेव्हा सोपी होती. ह्यांचा श्वास टिकू दे, भाऊजींचे गणित सुटू दे. दोन्ही एकच आहे, हे देवालाही माहीत असणार असे मला वाटे.

एकदा त्यांनी आम्हां दोघांना ते संशोधन करत त्या संस्थेत नेले. लांबलचक बोळ, दोन्हीकडे बंद दारे, आणि शेवटी एक अंधारी खोली. तिच्यात काचेची खिडकी असलेली छोटी भट्टी, आपल्या पावाच्या डब्याएवढी. त्यांच्या विभागाच्या मॅडम हौसेने दाखवायला उभ्या होत्या. केसासारखी बारीक तार आडवी ताणलेली. भाऊजींनी सुईने तिच्यावर मिश्रणाचा एक थेंब लटकवला. तो तारेवर असा बसला, जशी दोरीवर चिमणी. मग भट्टी त्याच्यावर सरकवली. थेंब थरथरला, फुगला, आणि फट् म्हणून नाहीसा झाला.

"एवढासा थेंब," हे म्हणाले, "आणि त्याला फोडायला एवढी माणसं."

"तुमचे भाऊ आल्यापासून आम्हांला थेंबांचीच स्वप्नं पडतात," मॅडम म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांनी तर घरात नळ गळू द्यायचा नाही म्हणून ताकीद दिलीय."

भाऊजींनी पडद्यावर त्याच थेंबाची चित्रफीत लावली. एका क्षणाची हजारो चित्रे घेणारा कॅमेरा होता तो. पांढऱ्या पडद्यावर काळाभोर, गोल, स्वच्छ थेंब. मी म्हटले, किती सुबक दिसतो. ते खुलले. "आधी नव्हता असा. तार मध्ये येते, कडा नीट मोजता येत नाही. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक चित्रातली तार पुसतो आणि थेंब तेवढा ठेवतो."

आम्ही दोघांनी मान डोलावली. खरेच सुबक दिसत होता.

त्यांच्या गणितात एक आकडा असा होता की तो बसल्या जागी काढता येत नाही. उघड्यावरचे पाणी शंभरला उकळते, पण तेलाच्या पोटात कोंडलेले पाणी न उकळता त्याच्याही पुढे जाते. किती पुढे जाऊन ते धीर सोडते, हे प्रयोगावरूनच घ्यावे लागते. भाऊजींनी ते या चित्रफितींवरून घेतले. तो आकडा गणितात बसवल्यावर संगणकातला थेंब आणि त्या छोट्या भट्टीतला थेंब एकाच वेळी फुटू लागले. लहान थेंब, मोठा थेंब, पाणी कमी, पाणी जास्त, काहीही द्या. त्या दिवशी ते जिना उतरून खाली आले ते धावतच. "जुळलं, वहिनी." मी साखरेचा डबा पुढे केला, तर चमचाभर साखर तोंडात टाकून तसेच उभे राहिले. ह्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यातच खोकल्याची उबळ आली, तरी दोघे हसत होते.

कारखान्याचे मालक तयार झाले ते आमच्या छातीसाठी नव्हे. आजूबाजूच्या घरांतले लोक वाळत घातलेले कपडे घेऊन त्यांच्या फाटकावर येऊ लागले होते, काळे ठिपके दाखवायला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बॉयलर भाऊजींना द्यायचा ठरला. भाऊजींच्या हिशेबाने थेंब भट्टीच्या निम्म्या वाटेवर फुटणार होते.

मी दुपारचा डबा घेऊन गेले तेव्हा बर्नर लागलेला होता. मिश्रणाची टाकी, घुसळणारे यंत्र, नळ्या, आणि मध्ये हे, नव्या सदऱ्यात. काम करताना नवा सदरा का घातला, असे विचारायचे माझ्या तोंडावर आले होते, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प राहिले. ते भट्टीच्या बारीक काचेतून आत बघत होते. सुरुवातीला ज्योत चांगली दिसली. मग तिची टोके लांबली. लांबून लांबून ती मागच्या भिंतीला टेकली आणि तांबडी झाली. ह्यांनी काचेवरून डोळा काढला.

"फुटत नाहीयेत," ते म्हणाले.

"फुटतील, दादा. अजून तापू दे."

"भिंतीवर बसताहेत रे. आवाज ऐक ना."

भाऊजींना आवाजातले कळत नव्हते. त्यांनी आकडे तपासले, पाण्याचे प्रमाण बदलले, पुन्हा आकडे बघितले. बाहेरून कोणीतरी ओरडले. मी आवारात जाऊन वर बघितले. धुराड्यातून निघत होता तसला धूर मी त्या कारखान्यावर कधी पाहिला नव्हता, जाड, लोंबणारा, जागचा हलेना. मालक फाटकातून आत आले. त्यांनी आधी धूर बघितला, मग भाऊजींना.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं पाणी न घालता धूर काढतोय. पाणी घालून डबल निघतो, हे आम्हांला माहीत नव्हतं."

बर्नर बंद केला. भट्टीच्या मागच्या भिंतीवर कोळशाचा थर बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना चालू व्हायचा होता. तो थर खरवडायला कोणीतरी आत जायला हवे होते.

"मी जातो, दादा," भाऊजी म्हणाले.

"तुला आतलं काय माहीत? तू आपलं गणित बघ."

भट्टी निवल्यावर हे तोंडाला फडके बांधून आत शिरले. आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला, मध्येच थांबे, मग खोकला, मग पुन्हा आवाज. भाऊजी झडपेशी ओणवे होऊन दिवा धरून बसले होते. डबा तसाच राहिला. हे बाहेर आले तेव्हा त्यांचा नवा सदरा कोणत्या रंगाचा होता, ते सांगता आले नसते.

त्या दिवसानंतरचा खोकला वेगळा होता. आधी तो यायचा आणि जायचा, आता जाईना. पुढच्या काही महिन्यांत ह्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले आणि दुसऱ्या वेळेनंतर कामावर जाण्याची भाषा संपली. खिडकीशी आरामखुर्ची आली, नाकात नळी आली आणि कोपऱ्यात प्राणवायू देणारे यंत्र आले. डॉक्टर म्हणाले, हा त्या एका दिवसाचा परिणाम नाही, अनेक वर्षांचे साचलेले आहे. भाऊजींनी मान हलवली. त्यांना ते पटले नव्हते, आणि मलाही.

ते आता बोलत नसत. संस्थेतून यायचे, भावाच्या पायाशी बसायचे, यंत्रातली जाळी धुऊन परत बसवायचे आणि वर जायचे. त्यांनी आपले गणित ओळ न ओळ तपासले. चूक सापडेना. सापडली असती तर बरे झाले असते, असे त्यांच्या तोंडावर दिसायचे. मी एकदा म्हटले, "भाऊजी, सोडा ना आता ते." तर म्हणाले, "गणित बरोबर आहे आणि धूर झाला. दोन्ही कसं खरं असेल, वहिनी?"

मग एका दुपारी ते लॅपटॉप हातात घेऊन खाली आले. चेहरा पांढराफटक. खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले.

"दादा, हे बघ."

मीही हात पुसत मागे उभी राहिले. झाले होते असे. थेंबाचा आकार तरी नीट मोजला होता ना, हे बघायला त्यांनी जुन्या चित्रफिती काढल्या होत्या. पण तार पुसणारा त्यांचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालेना. म्हणून इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी चित्रे न पुसता बघितली.

"काय दिसतंय?"

"थेंब," हे म्हणाले.

"त्याच्या आरपार काय गेलंय?"

"तार."

"आता बुडबुडा कुठून निघतो ते बघ. सावकाश लावतो."

थेंब फुगला. त्याच्या आत एक बारीक फोड उठला, तारेला चिकटून. भाऊजींनी दुसरी चित्रफीत लावली. फोड तारेपाशी. तिसरी, चौथी. आणखी लावायला लागले तेव्हा ह्यांनी त्यांचा हात धरला.

"कळलं रे."

"तार तापते, दादा. उष्णता थेंबाच्या पोटात नेते, आणि तिच्या खरखरीवर वाफेला सुरुवात करायला जागा मिळते. म्हणून पाणी लवकर धीर सोडतं. मी मोजलं ते थेंबाचं नव्हतं, तारेचं होतं. तुझ्या भट्टीत तार कुठे होती?"

यंत्राचा घुर्र आवाज येत होता.

"सगळ्या चित्रांत होती ती. डोळ्यांसमोर. मीच प्रोग्रॅम लिहून पुसली. सुबक दिसावं म्हणून."

"ए थेंबोबा," हे हळूच म्हणाले. भाऊजी थेंबांच्या नादाला लागल्यापासून हे त्यांना याच नावाने चिडवायचे. "एक सांग. खरा आकडा घातला असतास तर? तार नाही असं धरून केलं असतंस, तर आपल्या भट्टीत जमलं असतं?"

"माहीत नाही. काढावं लागेल."

"काढ मग."

"आता काढून काय करायचं, दादा?"

"मला कळू दे ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळे सांगितले. त्या चांगल्या बाई होत्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, छोटे शुद्धिपत्र लिहून पाठवू. मग म्हणाल्या, फार मनाला लावून घेऊ नका, येत्या वर्षापासून हा विभागच बॅटऱ्यांकडे वळतो आहे, थेंबांना आता कोण विचारते. भाऊजी मला म्हणाले, "रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, वहिनी."

मोकळ्या थेंबाचे आकडे दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी मिळवले होते. ते थेंब वरून सोडत आणि खाली पडता पडता तापवत, तारेशिवाय. भाऊजींनी ते आकडे मागवले आणि सगळे पुन्हा मांडले. वर त्यांच्या पंख्याचा आवाज, खाली यंत्राचा, आणि मध्ये मी.

त्या दिवसांत मला प्रार्थना करता येईना. शब्द होते, सवय होती, पण काय मागायचे तेच कळेना. उत्तर 'जमले असते' असे यावे, असे मागू? म्हणजे भाऊजींनी उरलेला जन्म एका तारेखाली काढायचा. 'जमले नसतेच' असे यावे, असे मागू? म्हणजे ह्यांच्या श्वासाला कधी दारच नव्हते, ते टेपने माप घेणे, तो नवा सदरा, सगळे बंद भिंतीकडे चाललेले. देवापुढे हात जोडून मी नुसती बसायची आणि तशीच उठायची.

उत्तर आले ते जेवणाच्या वेळी. भाऊजी खाली आले, हात धुऊन ताटावर बसले आणि घास न घेता म्हणाले, "दादा, निघालं."

ह्यांनी नळी नीट केली. "सांग."

"नसतं जमलं."

"कसंही?"

"पाणी कमी केलं, जास्त केलं. तेल आधी तापवून बघितलं, पण फार तापवलं तर नळीतच वाफ होते, तुझा पंप ती दाबून धरू शकत नाही. बारीक फवारलं तर त्यालाही पंपाचा जोर लागतो. काहीही केलं तरी थेंब फुटायच्या आधी भिंतीवर पोहोचतो. भट्टी आखूड आहे, दादा. दीडपट लांब असती तर झालं असतं."

"म्हणजे तुझी चूक नव्हती."

"चूक होतीच. ती नसती तर मी तेव्हाच सांगितलं असतं की नको. तू आत गेला नसतास."

ह्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "पण धूर तोच राहिला असता."

"हो."

"मग जेव आता. अन्न निवतंय."

भाऊजी जेवले. एकेक घास मोजून दिल्यासारखा तोंडात टाकत होते. मी वाढत राहिले. त्यांनी नको म्हटले नाही, आणि मला थांबायचे सुचले नाही.

काही दिवसांनी ह्यांनी त्यांना जवळ बोलावले. आता लांब वाक्य एका दमात होत नसे. "मालकाला जाऊन सांग. भट्टी आखूड आहे म्हणावं. नवीन घेशील तेव्हा लांब घे. माझ्या जागी कोणीतरी उभा असेलच ना."

"ते ऐकतील, दादा?"

"तू आकडे सांग. आकडे ऐकतात लोक."

भाऊजी संस्थेला दांडी मारून गेले. हे दुपारभर जागे राहिले, एरवी ते त्या वेळी डुलकी घेत. फाटक वाजले तसे त्यांनी खुर्चीत सरळ व्हायचा प्रयत्न केला.

"भेटला?"

"भेटले."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

भाऊजी चपला काढत होते. "म्हणाले, भट्टी बदलली. जुना बॉयलर तोडून काढला, त्या जागी दुसरा आणलाय."

"बदलली?" ह्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी सैल झाला. "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

भाऊजी हात धुवायला स्वयंपाकघरात आले. नळ सोडून नुसते उभे राहिले. मी साबण पुढे केला तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, जुनाच आहे तो, कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातला. भट्टी आधीच्यापेक्षाही आखूड. तेल तर हात लावायच्या लायकीचं नाही. दादाच्या जागी जो उभा आहे, तो फडकंही बांधत नाही. मी बोलायला गेलो तर म्हणाला, साहेब, बाजूला व्हा, गरम आहे."

"आणि मालक?"

"मालक हसले. म्हणाले, पुन्हा पाणी घालायला आलात का?"

बाहेरच्या खोलीतून हाक आली. यंत्राच्या आवाजावर चढवून मारलेली, म्हणून अर्धीच ऐकू आली. "अरे, नवी केवढी आहे? लांब आहे ना?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितले. मी नळाकडे बघत राहिले.

"लांब आहे, दादा."

"पुरेल?"

"पुरेल."

पुढे काही ऐकू आले नाही. थोड्या वेळाने मी डोकावून पाहिले तर हे खुर्चीच्या पाठीला मान टेकवून शांत झोपले होते, तोंड किंचित उघडे, नळी जागेवर. त्यांनी नेमकी लांबी विचारली नाही, हे बरे झाले. विचारली असती तर भाऊजींनी खरा आकडा सांगितला असता.